भाड्याचा परतावा वेगळा, हातात उरणारा पैसा वेगळा

मागच्या महिन्यात माझा मावसभाऊ हडपसरमधल्या एका वन बीएचकेचा हिशेब घेऊन आला. रिसेलचा फ्लॅट. एजंटने वहीच्या फाडलेल्या पानावर आकडे मांडून दिले होते: किंमत ५० लाख, भाडं महिना १८ हजार, परतावा ४.३ टक्के. खाली दोन रेघा मारून लिहिलं होतं, ‘निम्मा हप्ता भाड्यातूनच सुटेल.’ भाऊ म्हणाला, “दादा, परतावा चांगला आहे. म्हणजे खिशातून फारसं जाणार नाही ना?”

पहिल्यांदा गुंतवणुकीसाठी घर घेणारे बहुतेक जण इथेच चुकतात. घर त्याच्या किमतीच्या मानाने वर्षाला किती कमावतं, तो परतावा. कर्ज किती काढलं, व्याजदर काय, याच्याशी त्याला देणंघेणं नसतं. सगळे खर्च आणि हप्ता भागवून खात्यात जे उरतं ती शिल्लक, आणि ती कर्जावरच ठरते. परताव्यावरून घर पारखायचं, शिल्लकेवरून आपली ऐपत.

आधी परतावा घेऊ. एजंटने वर्षाचं भाडं, २ लाख १६ हजार, ५० लाखांनी भागलं होतं. पण ते घर ५० लाखांत हातात येत नाही. पुण्यात मुद्रांक शुल्क ७ टक्के, म्हणजे साडेतीन लाख (खरेदी बाईच्या नावावर असेल तर एक टक्का कमी). नोंदणी फी ३० हजार. सोसायटीची ट्रान्स्फर फी, रंग, गिझर, खिडक्यांच्या जाळ्या मिळून आम्ही सव्वा लाख धरले. एकूण साधारण ५५ लाख.

आता भाड्यातून काय काय वजा होतं ते पाहा. मेंटेनन्स अडीच हजारांच्या दराने वर्षाला ३० हजार. घर भाड्याने दिलं की, मालक स्वतः राहत नाही म्हणून, सोसायटी बिनभोगवटा शुल्क लावते. सरकारच्या २००१ च्या आदेशाप्रमाणे ते मेंटेनन्समधल्या सेवाशुल्काच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त घेता येत नाही, तेव्हा बिल नीट वाचा. आम्ही अडीच हजार धरले. मिळकतकर १४ हजार. इथे बरेच जण फसतात. मालक स्वतः राहत असेल तर पुणे महापालिका ४० टक्के सवलत देते, आणि विकणारा आपली सवलतीतली पावती दाखवतो. भाडेकरू आला की सवलत जाते. एक भाडेकरू जाऊन दुसरा येईपर्यंत एक महिना रिकामा, म्हणजे १८ हजार गेले. दलाली, लीव्ह अँड लायसन्सची, म्हणजे भाडेकराराची, नोंदणी आणि दुरुस्ती धरून साडेएकवीस हजार. करार नोंदवणं महाराष्ट्रात कायद्याने बंधनकारक आहे आणि ती जबाबदारी घरमालकाची, त्यामुळे तिथे काटकसर नको.

बेरीज ८६ हजार. उरले १ लाख ३० हजार. ५५ लाखांवर हा निव्वळ परतावा झाला २.४ टक्के. कागदावरच्या ४.३ चा जवळजवळ निम्मा, आणि अजून कर्जाचा विषयही निघालेला नाही.

आता शिल्लक. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे ३० ते ७५ लाखांच्या गृहकर्जात बँक घराच्या किमतीच्या ८० टक्क्यांपर्यंतच देते, आणि मुद्रांक शुल्क व नोंदणी त्या किमतीत धरत नाहीत. म्हणजे कर्ज ४० लाख, घरचे १५ लाख. साडेआठ टक्के दराने २० वर्षांचा हप्ता ३४,७१३ रुपये, वर्षाचे ४ लाख १६ हजार. त्यातून भाड्याचे निव्वळ १ लाख ३० हजार वजा केले तर वर्षाला २ लाख ८६ हजार पगारातून घालावे लागतात. महिन्याला जवळपास २४ हजार.

भाऊ गप्प झाला. मग म्हणाला, “मुदत ३० वर्षांची केली तर?” हप्ता ३०,७५७ वर येतो, महिन्याला चार हजार वाचतात. शिल्लक सुधारली, घर मात्र तेच, परतावा तोच २.४ टक्के. वर बँकेला एकूण सुमारे २७ लाख जास्त जातात. उलट कोणी पूर्ण ५५ लाख रोख मोजले तर त्याच्या हातात दरवर्षी १ लाख ३० हजार येतील आणि तो म्हणेल, घर छान चाललंय. घर आहे तसंच आहे, फक्त त्याला हप्ता नाही. शिल्लक चांगली दिसली म्हणून घराला चांगलं म्हणणं मला धोक्याचं वाटतं, ते यासाठी.

अर्थात खिशातून गेलेला सगळा पैसा बुडीत नसतो. पहिल्या वर्षीच्या हप्त्यांत सुमारे ८० हजार मुद्दल फिटतं, ते आपलंच. पण उरलेलं सव्वातीन लाखांच्या वरचं व्याज आणि भाड्याचे १ लाख ३० हजार शेजारी ठेवून बघा. ही दरी घराची किंमत वाढूनच भरायची असते. मग हिशेबात तसं स्पष्ट लिहावं, की मी भाड्यासाठी नाही, भाव वाढेल या आशेवर घेतोय. असं घेणं चूक आहे असं मी म्हणत नाही, पण ती आशा परताव्याच्या रकान्यात लिहू नये.

‘भाडं वाढत जाईल’ हेही ऐकायला मिळतं. दरवर्षी ५ टक्के वाढ धरली तरी नुसत्या ३४,७१३ च्या हप्त्याला गाठायला १४ वाढी लागतात, आणि तेही खर्च न धरता. करसवलतीचं म्हणाल तर जुन्या करप्रणालीत भाड्याने दिलेल्या घराचा तोटा, म्हणजे भाड्यापेक्षा जास्त गेलेलं व्याज, पगारातून वर्षाला २ लाखांपर्यंत वजा होतो, नव्या प्रणालीत नाही. एजंट अजून जुनंच गणित सांगतात. आणि भाडेकरूचं डिपॉझिट शिल्लकेत धरू नका. ते परत करायचं असतं.

भावाने ते पान उलटं केलं आणि कोऱ्या बाजूला दोन रकाने आखले, एक घराचा, एक स्वतःचा. घराचा रकाना भरून झाल्यावर त्याने एजंटला फोन लावला आणि सोसायटीची वर्षभराची बिलं आणि मिळकतकराची पावती मागितली. ती अजून आलेली नाहीत, म्हणून टोकनही दिलेलं नाही.