सेल उतरले तरी आकडा का उतरत नाही? व्हीसीसी रेफरन्स आणि इंटर्नल रेफरन्स

गणपतीत दाराच्या सेन्सरला नवे डबल-ए सेल घातले, घरातली उपकरणं दाखवणाऱ्या होम असिस्टंट सॉफ्टवेअरवर ३.३ व्होल्ट. दिवाळीला ३.३. संक्रांतीला ३.३. आणि मग एके दिवशी दार उघडलं तरी सेन्सर ढिम्म. मल्टिमीटर लावावा तर दोन्ही सेल मिळून दोन व्होल्टही भरत नाहीत. यावर मिळणारे सल्ले ठरलेले: कपॅसिटर लावा, दहा रीडिंगची सरासरी काढा, एडीसी (चिपमधला व्होल्टेज मोजून आकडा देणारा भाग) खराब असेल, बोर्ड बदला. एडीसी ठणठणीत असतो हो. गफलत असते ती रेफरन्सची, म्हणजे ज्याच्याशी तुलना करून मोजतात त्या व्होल्टेजची, आणि तिच्याकडे कोणी बघतच नाही.

एटीमेगा ३२८पी, म्हणजे आर्डुइनो ऊनो किंवा प्रो मिनी बोर्डावरची चिप, दहा बिटांत मोजते, ० ते १०२३. व्होल्टेज डिव्हायडर म्हणजे व्होल्टेज ठरावीक प्रमाणात कमी करणारे दोन रेझिस्टर. इतपत सगळ्यांना येतं, म्हणून पुढे जाऊ.

खरी मेख ही: पिन वाचणाऱ्या आर्डुइनोच्या फंक्शनमधून, म्हणजे अ‍ॅनालॉगरीडमधून येणारा आकडा व्होल्ट नसतो, ते गुणोत्तर असतं. एडीसी म्हणजे भाजीवाल्याची तागडी. एका पारड्यात पिनवरचा व्होल्टेज, दुसऱ्यात रेफरन्स. काही सांगितलं नाही तर चिप रेफरन्स म्हणून स्वतःचा पुरवठाच, म्हणजे व्हीसीसी, वापरते. आता सेल थेट व्हीसीसीला जोडलेत आणि मोजायचेही तेच सेल. म्हणजे बटाट्यासमोर वजन म्हणून बटाटाच ठेवला. दोन्ही सोबत सुकणार, काटा जागचा हलणार नाही.

आकडे घालून बघा. सेलची धन बाजू सरळ ए-शून्य या मोजणाऱ्या पिनवर दिली, तर ३.० व्होल्टला १०२३ आणि २.२ व्होल्टलाही १०२३. दोन सारखे रेझिस्टर लावून निम्मं केलं, तर दोन्ही वेळा ५१२च्या आसपास. स्केचमध्ये, म्हणजे आर्डुइनोच्या प्रोग्राममध्ये, 'गुणिले ३.३' असं कायमचं लिहून ठेवलेलं असतं, म्हणून पडद्यावर जन्मभर ३.३. रेझिस्टर कितीही भारी आणा, सरासरी शंभर रीडिंगची काढा, फरक शून्य. गुणोत्तर बदललंच नाही तर सरासरी कशाची काढणार?

व्हीसीसी रेफरन्स टाकाऊ आहे असं मात्र नाही. पोटेन्शिओमीटर (फिरवायचा रेझिस्टर), एलडीआर (उजेडाने बदलणारा), थर्मिस्टर (तापमानाने बदलणारा) यांना चिपच्याच पुरवठ्यावरून व्होल्टेज देतो. तिथे पुरवठा हलला तर दोन्ही पारडी सारखीच हलतात आणि चूक आपोआप कटते. शिकताना पहिले प्रयोग याच वस्तूंवर होतात, सगळं छान चालतं, आणि तीच सवय बॅटरी मोजताना अंगाशी येते. जी गोष्ट तिथे गुण, तीच इथे दोष.

बॅटरीसाठी वजन वेगळं हवं, सेलसोबत न सुकणारं. ते चिपच्या पोटातच असतं: १.१ व्होल्टचा इंटर्नल रेफरन्स. सेटअपमध्ये अ‍ॅनालॉगरेफरन्सला इंटर्नल सांगितलं की झालं. पण आता पिनवर १.१ व्होल्टपेक्षा जास्त आलं की आकडा १०२३ला टेकणार, म्हणून डिव्हायडर लागतोच. मी वर, सेलकडे, १ मेगओहम आणि खाली, ग्राउंडकडे, ४७० किलोओहम लावतो. ३.४४ व्होल्टपर्यंत मोजता येतं, म्हणजे दोन अल्कलाइन सेलना पुरेसं. ३.० व्होल्टला आकडा साधारण ८९२, २.२ व्होल्टला ६५४. उतरणारी बॅटरी अखेर उतरताना दिसते! या जोडीतून करंट जातो दोनेक मायक्रोअँपिअर, त्यामुळे रेझिस्टरच सेल खातील ही भीती नको. मात्र इतके मोठे रेझिस्टर एडीसीला आवडत नाहीत, डेटाशीट (चिपचं अधिकृत माहितीपत्रक) १० किलोओहमच्या आत राहा म्हणते. पिन आणि ग्राउंड यांच्यामध्ये १०० नॅनोफॅरडचा कपॅसिटर टाका, भागतं. रेफरन्स बदलल्यावरची पहिली काही रीडिंग फेकून द्या. आणि इंटर्नल निवडलेला असताना एरेफ, म्हणजे बाहेरचा रेफरन्स जोडायच्या, पिनला बाहेरून व्होल्टेज देऊ नका. चिप जाऊ शकते.

रेझिस्टरशिवायही जमतं, पारडी उलटी करून. रेफरन्स व्हीसीसीच ठेवायचा आणि मोजायचा तो आतला १.१ व्होल्ट. त्यासाठी मल्टिप्लेक्सरचं (एडीसीने काय मोजायचं ते निवडणाऱ्या भागाचं) १४ क्रमांकाचं चॅनेल निवडायचं. ३.० व्होल्टला आकडा ३७५, २.२ व्होल्टला ५१२. बॅटरी उतरते तसा आकडा चढतो. हे पाहून कोड चुकला असं समजून सगळं पुसून टाकणारे मी पाहिले आहेत. १.१ला १०२४ने गुणा, आलेल्या आकड्याने भागा, व्हीसीसी हातात येतो. मला हीच रीत जास्त आवडते, पण एका अटीवर: सेल थेट व्हीसीसीला असावेत.

मध्ये रेग्युलेटर, म्हणजे चिपला ठरावीक व्होल्टेज देणारा भाग, आला की नेमका उलटा घोळ होतो. १८६५०चा लिथियम-आयन सेल ४.२ व्होल्टला भरलेला, पुढे ३.३चा रेग्युलेटर. आता वरच्या युक्तीने मोजाल तर रेग्युलेटरचे ३.३ मोजाल, सेलचे नव्हे. ईएसपी८२६६ या वायफाय चिपवर गेटव्हीसीसी वापरून 'बॅटरी' दाखवणारे लोक हेच करतात. ते फंक्शन चिपच्या पुरवठ्याबद्दल सांगतं, रेग्युलेटरच्या पलीकडे काय चाललंय ते त्याला कळणार कसं? तिथे सेलवरूनच डिव्हायडर हवा. या चिपचा एडीसी फक्त १ व्होल्टपर्यंत मोजतो. याच चिपच्या डी-वन मिनी बोर्डावर २२० आणि १०० किलोओहमची जोडी आधीच असते, तिच्यामागे सेलकडून १३० किलोओहमचा आणखी एक रेझिस्टर टाकला की ४.५ व्होल्टपर्यंत मजल जाते. तिची पुढची चिप ईएसपी३२ असेल तर अ‍ॅनालॉगरीडमिलीव्होल्ट्स वापरा, कारखान्यात केलेलं कॅलिब्रेशन त्यात धरलेलं असतं. साध्या अ‍ॅनालॉगरीडला ३.३ने गुणून ४०९५ने भागू नका, त्या एडीसीची रेषा टोकांना वाकडी आहे.

१०२३ने भागायचं की १०२४ने, यावर लोक हिरिरीने भांडतात. फरक हजारात एकाचा. एटीमेगाचा तो '१.१' मात्र चिपगणिक १.० ते १.२ यांमध्ये कुठेही असू शकतो. तो १.०६ निघाला आणि तुम्ही १.१ धरलात, तर ३.० व्होल्टचे सेल ३.११ दिसतात. सुदैवाने एका चिपपुरता तो बऱ्यापैकी स्थिर असतो. एकदा मल्टिमीटरने सेल मोजा, खरा आकडा काढा आणि त्याच बोर्डाच्या कोडमध्ये लिहून ठेवा. दुसऱ्या बोर्डाला तोच चिकटवू नका.

राहता राहिले टक्के. व्होल्टेजवरून सरळ रेषेत टक्के काढायची हौस मला कधीच कळली नाही. सीआर२०३२ हा बटणासारखा सेल शेवटपर्यंत ३च्या आसपास रेंगाळतो आणि मग धपकन पडतो. लिथियम आयर्न फॉस्फेटचंही तेच. डॅशबोर्डवर व्होल्टच दाखवा. तेही सेन्सरचा वायरलेस रेडिओ चालू असताना मोजलेले, कारण रिकाम्या बसलेल्या दमलेल्या सेलचा व्होल्टेज फसवा असतो, ओझं पडलं की कोसळतो. एटीमेगा ८ मेगाहर्ट्झवर चालवत असाल तर डेटाशीटप्रमाणे २.४ व्होल्टच्या खाली खात्री नाही. म्हणून 'सेल बदला' ही सूचना मी २.५वर लावतो.