प्लेऑफचं गणित आणि चौदावा घात

एनबीएचा, म्हणजे अमेरिकेतल्या बास्केटबॉल लीगचा, हंगाम ऑक्टोबरात सुरू होतो आणि त्याआधी महिनाभर 'यंदा प्लेऑफमध्ये (बाद फेरीत) कोण' अशा याद्यांना ऊत येतो. पद्धत बहुतेकांची एकच. गेल्या वर्षीची गुणतालिका समोर ठेवायची, ज्यांनी मोठा खेळाडू घेतला त्यांना दोन पायऱ्या वर चढवायचं, ज्यांचा गेला त्यांना खाली उतरवायचं. घोळ होतो तो सुरुवातीलाच, गुणतालिकेत.

दोन संघ बघा. २०२०-२१मध्ये टोरांटो रॅप्टर्सना कोविडच्या निर्बंधांमुळे 'घरचे' सामने फ्लोरिडातल्या टॅम्पात खेळावे लागले. त्या वर्षी सामने ७२च होते. त्यांनी २७ जिंकले, ४५ हरले. सामन्यामागे सरासरी १११.३ गुण केले, १११.७ दिले. पुढच्या वर्षी शिकागो बुल्सनी ८२पैकी ४६ जिंकले आणि पूर्व विभागात सहावे आले. त्यांनी केलेले गुण १११.६, दिलेले ११२.०. म्हणजे गुणफरक दोघांचाही उणे ०.४! एक संघ तळाकडे, दुसरा थेट प्लेऑफमध्ये. त्यानंतरच्या हंगामांत काय झालं? रॅप्टर्सनी ४८ सामने जिंकले, बुल्स ४०वर आले.

तालिकेत एका गुणाने जिंकलेला सामना आणि तीस गुणांनी जिंकलेला सामना सारखेच. पण एका गुणाचा सामना शेवटचा चेंडू रिंगच्या आत पडला की काठावरून उडाला यावर ठरतो, आणि ते नशीब पुढच्या वर्षी सोबत येत नाही. गुणफरक बराचसा येतो. आयपीएलमध्ये समान गुण झाल्यावरच आपल्याला नेट रनरेट आठवतो. अंदाज बांधणाऱ्याने सुरुवातच तिथून करायची असते.

गुणफरकावरून विजय काढायचं सूत्र बेसबॉलमधून आलं. बेसबॉलचे आकडेतज्ज्ञ बिल जेम्स यांनी मांडलं: केलेल्या धावांचा वर्ग भागिले केलेल्या आणि दिलेल्या धावांच्या वर्गांची बेरीज. वर्गांची बेरीज पाहून त्याला पायथागोरसचं नाव चिकटलं. काटकोन त्रिकोणाशी संबंध शून्य. बास्केटबॉलला मात्र वर्ग चालत नाही. बास्केटबॉलच्या आकडेतज्ज्ञांपैकी डॅरिल मोरी यांनी घातांक १३.९१ काढला, जॉन हॉलिंजर १६.५ वापरत. आपण १४ धरू.

चौदावा घात म्हटल्यावर दचकायला होतं, पण कारण सरळ आहे. बेसबॉलच्या सामन्यात एक संघ चार-पाच धावा करतो. दहा टक्के सरस असलात तर अर्धी धाव जास्त. ती एका फटक्यात वाहून जाते. बास्केटबॉलमध्ये प्रत्येक संघाच्या हाती सामन्यात सुमारे शंभर वेळा चेंडू येतो. इतक्या वेळा तोच प्रयोग केला की योगायोग एकमेकांना खोडतात आणि छोटासा सरसपणाही उघडा पडतो. सरासरी ११४ विरुद्ध ११० असा संघ घ्या. वर्ग वापरलात तर ८२पैकी ४२-४३ विजय येतात. चौदावा घात वापरलात तर ५१, आणि प्रत्यक्षातही असे संघ पन्नाशीच्या आसपासच असतात. एकूण हिशेब असा, की सामन्यामागे एक गुण म्हणजे हंगामाला साधारण अडीच विजय. वरच्या बुल्सना सूत्र ४० विजय देतं. पुढच्या वर्षी नेमके ४०च आले हा योगायोग. त्याच्यावरून कोणी सूत्राची आरती करू नये. लॉन्झो बॉल तो अख्खा हंगाम दुखापतीने बाहेर होता, हेही त्यात आहे.

आता हा गुणफरक सरासरीकडे ओढायचा. अधिक ६ असेल तर पुढच्या वर्षासाठी अधिक ४ धरा. एक तृतीयांश कापणं हा ढोबळ पण कामाचा नियम. हंगामाच्या शेवटी मुद्दाम हरणाऱ्या संघांचे मार्च-एप्रिलचे आकडे जरा दूरच ठेवा. नवे खेळाडू आधी कोण निवडणार (ड्राफ्ट) हे सोडतीने ठरतं; २०१९पासून तळाच्या तीन संघांना तिथे पहिल्या निवडीची प्रत्येकी १४ टक्के संधी ठेवली गेली, त्या लोभाने मुख्य खेळाडू बाकावर बसवले जातात.

मग मिनिटांचं अंदाजपत्रक. पाच खेळाडू गुणिले ४८, म्हणजे सामन्याला २४० मिनिटं. नवा खेळाडू आला की कोणाची तरी मिनिटं जातात, बेरीज २४०च राहिली पाहिजे. बदली खेळाडूपेक्षा सामनाभरात ७ गुणांनी सरस असलेला तारा ३६ मिनिटं खेळला तर तो संघाला सुमारे सव्वापाच गुण देतो, म्हणजे पूर्ण हंगामात तेरा विजय. अर्धा हंगाम दुखापतीत गेला की सहा-सात गेले. सगळ्यात जास्त अंदाज इथेच फसतात, कारण तारा ८२ सामने खेळेल असं धरलेलं असतं. फिलाडेल्फियाचा जोएल एम्बीड २०२४-२५मध्ये १९ सामने खेळला. संघ ४७ विजयांवरून २४वर घसरला. शिवाय चेंडू एकच असतो. ड्युरंट, बुकर आणि बील हे तिघे तारे एकत्र असूनही फिनिक्सने त्याच हंगामात ३६च सामने जिंकले.

शेवटी वेळापत्रक संगणकावर दहा हजार वेळा खेळवायचं, यजमानाला दोन-तीन गुण जादा देऊन. उत्तर 'हो' किंवा 'नाही' येत नाही, '६८ टक्के' असं येतं. आयपीएलआधी वाहिनीवर कर्णधाराचा शनी बघणारे ज्योतिषी टक्केवारी कधीच देत नाहीत, कारण टक्केवारीचा हिशेब नंतर तपासता येतो: ज्यांना ७० टक्के दिले, त्यांच्यातले दहापैकी सात आले का?

अचूकतेला मर्यादा आहेच. अगदी बरोबरीच्या संघालाही ८२ सामन्यांत नुसत्या नशिबाने साडेचार विजय इकडे-तिकडे होतात (८२चं वर्गमूळ भागिले दोन). प्रत्येक विभागातले पहिले सहा थेट आत, सातवा ते दहावा प्ले-इनमध्ये, म्हणजे उरलेल्या दोन जागांसाठीच्या सामन्यांत. २०२३-२४च्या पश्चिम विभागात सहावा फिनिक्स आणि सातवा न्यू ऑर्लिन्स, दोघांचेही विजय ४९. आठवा लेकर्स ४७. नववा सॅक्रामेंटो आणि दहावा गोल्डन स्टेट, दोघंही ४६वर. पाच संघ तीन विजयांच्या पट्ट्यात, आणि शेवटचे दोघं घरी गेले.