बैठं घर घेताना : मॅन्युफॅक्चर्ड होम आणि मॉड्युलर होम

कॅलिफोर्नियाच्या मोहावी वाळवंटात रिजक्रेस्ट नावाचं गाव आहे. वस्ती २८ हजारांच्या आसपास, लॉस एंजलिसहून गाडीनं अडीच तासांवर. शेजारच्या चायना लेकच्या नौदल तळावर गावाचं पोट चालतं. घरं बहुतेक बैठी. आईवडिलांचे गुडघे दुखतात, जिना नको, आणि किनाऱ्याकडच्या किमती आवाक्याबाहेर, म्हणून माझ्या ओळखीतली दोन-तीन मराठी कुटुंबं अशा गावांतल्या जाहिराती बघू लागली आहेत. त्यांच्यासाठीच हे लिहिते आहे.

जाहिरातीत तीन बेडरूम, दोन बाथरूम, एक मजला असं सगळं असतं आणि पुढे एखादा शब्द येतो : मॅन्युफॅक्चर्ड किंवा मॉड्युलर. कारखान्यात तयार झालेलं घर, एवढाच अर्थ आपण घेतो. तो चूक नाही. दोन्ही घरं कारखान्यात बनतात, दोन-तीन तुकड्यांत ट्रकनं येतात, जागेवर जोडली जातात. रंग, खिडक्या, ओटा बघून कोणतं कुठलं ते सांगताच येत नाही. फरक आहे तो घर कोणत्या नियमांनी बांधलं यात, आणि कायदा त्याला जमिनीचा भाग मानतो की जमिनीवर ठेवलेली वस्तू, यात.

मॅन्युफॅक्चर्ड होम केंद्र सरकारच्या गृहनिर्माण खात्याच्या, म्हणजे हडच्या नियमांनी बनतं. हे नियम १५ जून १९७६ पासून लागू झाले. त्याआधीचं घर म्हणजे जुनं मोबाइल होम. त्यावर कर्ज मिळणं फार अवघड, केंद्र सरकारच्या हमीचं, म्हणजे एफएचएचं, तर मिळतच नाही. मॅन्युफॅक्चर्ड घराच्या तळाला पोलादी सांगाडा असतो आणि तो कायमचा असतो. जागेवर आणल्यावर चाकं आणि ओढायचा दांडा काढतात, सांगाडा तसाच राहतो. मॉड्युलर घराला मात्र जागेवर बांधलेल्या घराचेच राज्याचे बांधकाम नियम लागू होतात. ते काँक्रीटच्या पायावर बसवलं की बँकेच्या आणि कायद्याच्या दृष्टीनं चारचौघांसारखं घर झालं. त्याच्याबद्दल वेगळं सांगण्यासारखं फारसं नाही.

ओळखायचं कसं? गेल्या वर्षी एका स्नेह्यांसोबत मी रिजक्रेस्टला घर बघायला गेले होते. एजंट मॉड्युलर म्हणत होता. मी ओणवी होऊन घराच्या कडेची जाळी बाजूला केली आणि आत टॉर्च मारला. घराच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत दोन पोलादी तुळया, खाली रचलेले काँक्रीटचे ठोकळे आणि त्यांवर स्क्रूचे जॅक. मग मागच्या बाजूला गेलो. भिंतीवर, तळापासून फूटभर वर, दोन इंच बाय चार इंचांची ॲल्युमिनियमची लाल पट्टी रिव्हेटनं ठोकलेली होती. तीन अक्षरं आणि त्यापुढे आकडे. हे हडचं लेबल. घराच्या प्रत्येक तुकड्यावर एक, म्हणजे दोन तुकड्यांच्या घरावर दोन हवीत. काही मॉड्युलर घरांनाही पोलादी सांगाडा ठेवलेला असतो, म्हणून नुसत्या तुळया बघून निकाल देऊ नका. शेवटचा शब्द लेबलचा.

घराच्या आतही एक कागद चिकटवलेला असतो, डेटा प्लेट. स्वयंपाकघरातल्या कपाटात, विजेच्या पॅनेलजवळ किंवा बेडरूमच्या कपाटात शोधा. घर कधी बनलं आणि कोणत्या वाऱ्यासाठी, छपरावरच्या किती भारासाठी, कोणत्या हवामानासाठी, हे त्यावर नकाशांसह छापलेलं असतं. वाळवंटात हा कागद वाचायलाच हवा. (छपरावरचा कूलर बघून नागपूरकरांना माहेरची आठवण येईल, तत्त्व तेच आहे. पण त्याच्या खालचं छत डाग पडलेलं नाही ना, हे मान वर करून बघा.) लेबल हरवलं असेल तर नवीन मिळत नाही, आयबीटीएस ही संस्था जुन्या नोंदी तपासून पत्र देते.

आता जॅकबद्दल, कारण मला सगळ्यात जास्त काळजी त्यांची वाटते. ४ आणि ५ जुलै २०१९ ला रिजक्रेस्टजवळ ६.४ आणि ७.१ तीव्रतेचे भूकंप झाले. नुसत्या टेकूंवर उभी असलेली कितीतरी मोबाइल आणि मॅन्युफॅक्चर्ड घरं तिथं आणि शेजारच्या ट्रोना गावात टेकूंवरून सरकली. भिंती धड राहिल्या तरी घर राहण्याजोगं उरत नाही, कारण गॅसच्या आणि पाण्याच्या नळांचे सांधे तुटतात. मॅन्युफॅक्चर्ड घर वाईट असतं असं मी म्हणत नाही. कायमच्या पायावर पक्कं बसवलेलं असेल तर ते चांगलं घर आहे, आणि पुष्कळ कुटुंबांना परवडणारं तेवढंच असतं. पण पाया आहे की टेकू, हे विचारल्याशिवाय पैसे देऊ नका.

कागदपत्रांत हाच प्रश्न पुन्हा येतो. मॅन्युफॅक्चर्ड घराची मालकी मुळात राज्याच्या गृहनिर्माण खात्याकडे नोंदवलेली असते, थोडीफार मोटारीच्या आरसी बुकासारखी. जमिनीचं खरेदीखत वेगळं. घर कायमच्या पायावर बसवून ४३३ए हा फॉर्म काउंटीच्या, म्हणजे जिल्ह्याच्या, दप्तरात नोंदवला की घर आणि जमीन एक होतात, आणि मग नेहमीचं गृहकर्ज मिळायची वाट मोकळी होते. नोंद नसेल तर बहुधा चढ्या व्याजाचं, कमी मुदतीचं कर्ज पदरी पडतं. घर एकदा बसवल्यावर उचलून दुसरीकडे नेलेलं असेल तरी अनेक बँका नाही म्हणतात. कराचंही बघून घ्या : १ जुलै १९८० किंवा त्यानंतर पहिल्यांदा विकल्या गेलेल्या घराला मालमत्ता कर लागतो, त्याआधीच्या अनेक घरांना अजून वाहनासारखी परवाना फी आहे. आणि घर पार्कात, म्हणजे अशा घरांसाठी जागा भाड्यानं देणाऱ्या वसाहतीत, असेल तर जागेचं भाडं दर महिन्याला, शिवाय पार्कवाल्यांची तुम्हाला मंजुरी लागते.

आमच्या स्नेह्यांनी ऑफर देण्याआधी ४३३ए ची प्रत मागितली. विकणाऱ्याकडे ती नव्हती, काउंटीच्या दप्तरातही नोंद निघाली नाही. जमीन एका कागदावर, घर दुसऱ्यावर, आणि दुसऱ्या कागदावर मालक म्हणून विकणाऱ्याच्या वारलेल्या वडिलांचं नाव होतं.