अमेरिकेत फवारणीचं लायसन चालू ठेवणं

अमेरिकेत कीटकनाशक मारायचं लायसन एकदा परीक्षा देऊन काढलं की जन्मभराचं काम झालं असं नाही, ठरलेल्या मुदतीत ट्रेनिंगचे तास भरायचे, नाहीतर परत परीक्षेला बसायचं, याला तिकडे रिसर्टिफिकेशन म्हणतात. मूळ कायदा फिफ्रा (अमेरिकेचा केंद्रीय कीटकनाशक कायदा), 1947 चा, पण सर्टिफिकेट लागायला लागलं ते 1972 च्या दुरुस्तीनंतर आणि तेही सगळ्या औषधांना नाही, फक्त 'रिस्ट्रिक्टेड यूज' म्हणजे जास्त धोक्याच्या औषधांना. या औषधांना मात्र पेस्ट कंट्रोलवाला असो की स्वतःच्या शेतात मारणारा शेतकरी, एकतर स्वतःकडे सर्टिफिकेट हवं, नाहीतर सर्टिफिकेटवाल्याच्या देखरेखीखाली मारायचं.

2017 च्या केंद्रीय नियमांनी सर्टिफिकेटची मुदत जास्तीत जास्त 5 वर्षं ठेवली, बाकी तपशील राज्यांवर सोडलाय. कॅलिफोर्नियात क्वालिफाईड अॅप्लिकेटरला (तिथल्या एका प्रकारच्या लायसनवाल्याला) 2 वर्षांत 20 तास, त्यातले निदान 4 कायदे-नियमांचे. आयोवात मुदत 3 वर्षांची, दरवर्षी 2 तासांचा क्लास करा नाहीतर शेवटी परीक्षा द्या.

आता वीस वर्षं पंप चालवणाऱ्याला फवारायला काय शिकवणार? तर शिकवायचं असतं लेबल, म्हणजे डब्यावर छापलेल्या वापराच्या सूचना. औषध तेच, डबा तसाच, पण कोणत्या पिकावर चालतं, वारा किती चालेल, हातमोजे कुठले, शेतात परत कधी शिरायचं हे मधल्या मधे बदललेलं असतं, आणि लेबलाच्या विरुद्ध वापर केला तर तो सरळ कायदेभंग धरतात. जुनं पाठ असलेला माणूसच इथे जास्त चुकतो.

पॅराक्वॉटचं उदाहरण घ्या. हे तणनाशक लोक कोल्ड्रिंकच्या बाटलीत ओतून ठेवायचे आणि दुसराच कोणी पेय समजून प्यायचा, एक घोट पुरतो, उतारा नाही. म्हणून ते वापरणाऱ्याला नेहमीच्या सर्टिफिकेटच्या जोडीला दर 3 वर्षांनी वेगळं ट्रेनिंग सक्तीचं केलंय.

आणि हे लायसन नसलं तर काय होतं ते 2017 च्या जानेवारीत टेक्सासच्या अमरिलोत दिसलं. घराखाली अॅल्युमिनियम फॉस्फाईडच्या गोळ्या टाकल्या होत्या, वास येतो म्हणून वर पाणी मारलं, पाण्याने फॉस्फिन गॅस आणखी सुटला आणि चार मुलं गेली. धान्यात ठेवायच्या गोळ्या म्हणून आपल्याकडेही हे औषध माहितीचं आहे.

भारतात 1968 चा कीटकनाशक कायदा आणि 1971 चे नियम आहेत, पेस्ट कंट्रोलचा धंदा करायचा तर लायसन आणि म्हैसूरच्या सीएफटीआरआय (केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्था) सारख्या संस्थेचं किमान 15 दिवसांचं ट्रेनिंग लागतं. पण शेतात रोजाने फवारणाऱ्या मजुराला असं कुठलंच लायसन लागत नाही. 2017 मध्येच यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारताना विषबाधा होऊन शेतकरी-शेतमजूर मेले, त्यानंतर सुरक्षा किटची चर्चा झाली. पॅराक्वॉट मात्र आपल्याकडे बहुतेक ठिकाणी कृषी केंद्रात कसल्याही क्लासशिवाय मिळतं.