खर्ऱ्याची तलफ कोठून येते?

सुपारी, तंबाखू आणि चुना पन्नीत घालून पानठेल्यावर खर्रा कसा घोटतात, हे विदर्भातील खेड्यात कोणाला सांगावे लागत नाही. नवलाची गोष्ट दुसरीच आहे. रोज खाणारा माणूस खर्ऱ्याच्या चवीचे कौतुक क्वचितच करतो. ‘खाल्ल्याशिवाय काम सुचत नाही’, ‘पोट साफ होत नाही’ अशीच त्याची भाषा असते. व्यसनाचे शास्त्र समजून घ्यायला याहून चांगली सुरुवात मिळणार नाही.

रसायनशास्त्राच्या दृष्टीने ही पुडी मोठ्या हुशारीने जुळलेली आहे, जरी ती कोणा शास्त्रज्ञाने जुळवली नसली तरी. तंबाखूतील निकोटिनच्या रेणूवर एरवी विद्युतभार असल्यामुळे गालाच्या आतील अस्तरातून तो सहज जात नाही. चुन्यामुळे लाळ अल्कधर्मी होते, तो भार उतरतो आणि निकोटिन रक्तात झिरपू लागते. सुपारीतील अरेकोलिनही मेंदूला उत्तेजित करते, म्हणून तंबाखू वगळून नुसती सुपारी चघळणाऱ्यालाही तिची सवय जडते. विडीच्या धुरातून निकोटिन काही सेकंदांत मेंदूत पोहोचते. खर्ऱ्यातून ते सावकाश चढते, पण बराच वेळ टिकून राहते.

मेंदूतील पेशींवर ॲसिटिलकोलिन या नैसर्गिक संदेशवाहकासाठी जे ग्राहक (संदेश पकडणारे रेणू) असतात, त्यांनाच निकोटिन जाऊन चिकटते. रोजच्या माऱ्याने हे ग्राहक बधिर होतात आणि मेंदूत त्यांची संख्या वाढते. रक्तातील निकोटिन साधारण २ तासांत निम्म्यावर येते. मग हे वाढीव ग्राहक रिकामे पडू लागतात आणि चिडचिड, बेचैनी, कामात लक्ष न लागणे सुरू होते. निकोटिनला सरावलेली आतडीही मंदावतात, त्यामुळे पोटाची ती तक्रार खोटी म्हणता येत नाही. पुढचा खर्रा ही सारी बेचैनी घालवतो आणि खाणाऱ्याला वाटते की खर्ऱ्याने डोके शांत केले, मात्र त्या बेचैनीचा मोठा वाटा आधीच्या खर्ऱ्यानेच निर्माण केलेला असतो.

तरीही शरीराला सवय लागणे म्हणजे व्यसन नव्हे. सकाळचा चहा चुकल्यावर ज्याचे डोके दुखते, त्याचे शरीरही कॅफिनवर अवलंबून असते; पण चहा सोडायची वेळ आली, तर थोडे दिवस डोकेदुखी सोसून बहुतेकांना ते जमते. व्यसनात नुकसान कळत असते, सोडायची इच्छाही असते, आणि तरी हात खिशातल्या पुडीकडे जातो.

असे का होते, याचा एक धागा मेंदूशास्त्रज्ञ वोल्फ्राम शुल्त्स यांनी माकडांवर केलेल्या प्रयोगांतून १९९० च्या दशकात हाती आला. फळांचा रस अनपेक्षितपणे मिळाला की माकडाच्या मेंदूतील, डोपामिन हे संदेशवाहक रसायन सोडणाऱ्या पेशी जोराने सक्रिय होत. रसाच्या आधी दिवा लागतो हे माकड शिकले, की याच पेशी रसाऐवजी दिव्यालाच प्रतिसाद देऊ लागल्या. दिवा लागूनही रस आला नाही, तर ठरल्या क्षणी त्यांची क्रिया मंदावे. मिशिगन विद्यापीठातील केंट बेरिज यांना उंदरांमध्ये असे दिसले की मेंदूतील डोपामिन जवळपास नाहीसे केले, तरी जिभेवरचा गोडवा उंदरांना आवडतच राहतो. संपते ती तो मिळवण्याची ओढ. आवड आणि ओढ यांच्या वाटा मेंदूत अशा वेगळ्या असतात. व्यसनात ओढ वाढत जाते आणि आवड आहे तिथेच राहते किंवा ओसरते.

शेतात हे दिवे जागोजागी लागलेले असतात. निंदणाच्या मधल्या सुटीत धुऱ्यावर बसणे, बैल सोडणे, चहाचा शेवटचा घोट, ठेल्यावर कोणी आपुलकीने पुढे केलेली पुडी, अशा प्रत्येक प्रसंगाशी खर्रा जोडला गेलेला असतो. निकोटिन भूकही मारते, त्यामुळे पहाटे घर सोडून दुपारपर्यंत राबणाऱ्या मजुराला त्याचा आधार वाटतो. या माणसाला ‘मन खंबीर कर’ एवढेच सांगणे मला अर्धवट वाटते. गडचिरोली जिल्ह्यात २०१६ मध्ये सुरू झालेल्या ‘मुक्तिपथ’ उपक्रमाने दारू व तंबाखूची गावातील विक्री थांबवण्यावर भर दिला, तो या दृष्टीने शास्त्राला धरूनच होता. महाराष्ट्राने २०१२ मध्ये गुटख्यावर बंदी घातली, पण खर्रा कारखान्यात बनत नाही. तो ठेल्यावर डोळ्यांदेखत घोटला जातो.

त्याची किंमत तोंड मोजते. सुपारीमुळे गालाच्या अस्तराखाली तंतू साचून ते कडक होत जाते आणि तोंड पुरते उघडेनासे होते. एरवी झणझणीत तर्री ओरपणाऱ्याला साधी भाजीही झोंबू लागली, तर ती याची आरंभीची खूण असू शकते. ही अवस्था पूर्ववत होत नाही आणि पुढे तिचे कर्करोगात रूपांतर होऊ शकते. नुसती सुपारीदेखील कर्करोगकारक असल्याचे आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २००४ मध्ये जाहीर केले आहे.

खर्रा सोडल्यानंतरचे पहिले ३ दिवस बहुधा सर्वांत कठीण जातात आणि शरीराची बहुतेक कुरकुर २ ते ४ आठवड्यांत ओसरते. तलफेची प्रत्येक लाट मात्र काही मिनिटांचीच असते, आणि तेवढा वेळ पाणी पिण्यात, जागा बदलण्यात किंवा बोलण्यात काढता येतो. प्रसंगांच्या आठवणी अधिक चिवट असतात. चार महिने खर्रा न खाल्लेला माणूस लग्नाच्या मांडवात पुन्हा खातो, तो या आठवणींमुळे. असे घडल्यास आधीचे चार महिने वाया गेले असे समजू नये, कारण अनेकांचे व्यसन एकापेक्षा जास्त प्रयत्नांनंतरच सुटते. निकोटिनचे च्युइंगगम व काही औषधे डॉक्टरांच्या सल्ल्याने घेता येतात, आणि १८०० ११२ ३५६ या राष्ट्रीय क्रमांकावर तंबाखू सोडण्यासाठी विनाशुल्क समुपदेशन मिळते.