पिक्चर मध्येच क्षणभर थांबतं? प्लेअर दुरुस्तीला आणण्याआधी हे वाचा

"तासाभराने चित्र गोठतं, आवाज जातो, मग आपोआप सुरू होतं." ही तक्रार घेऊन बरेच जण डीव्हीडी प्लेअर आमच्याकडे आणतात. उघडून पाहावं तर आत काहीच बिघडलेलं नसतं.

साध्या डीव्हीडीत ४.७ जीबी मावतं. लांबलचक सिनेमाला तेवढं पुरत नाही, म्हणून एकाच बाजूला दोन थर देतात. मिळून साधारण ८.५ जीबी. पहिला थर अर्धपारदर्शक असतो, त्याच्या आरपार जाऊन लेसर दुसरा थर वाचतो. सिनेमाच्या डिस्कवर पहिला थर सहसा मधल्या भोकाकडून काठाकडे वाचला जातो. तो संपला की लेन्सला दुसऱ्या थरावर नव्याने फोकस धरून उलट, आतल्या दिशेने यावं लागतं. तेवढा वेळ प्लेअर मेमरीत भरून ठेवलेलं चित्र दाखवतो. ते पुरलं तर तुम्हाला पत्ताही लागत नाही, नाही पुरलं तर चित्र अडतं. मेमरी सगळ्या प्लेअरांत सारखी नसते, म्हणून तुमच्याकडे अडणारी डिस्क शेजाऱ्यांकडे सरळ चालते.

तेव्हा डिस्क दोनदा लावून पाहा. दोन्ही वेळा त्याच जागी, एकदाच आणि क्षणभरच थांबली तर दुरुस्तीवर पैसे घालवू नका. आम्हीही ते घेणार नाही.

चित्राचे चौकोन होतात, अडण्याची जागा दर वेळी बदलते किंवा अर्ध्यानंतर पुढे जातच नाही, तर मात्र गोष्ट वेगळी. आधी डिस्क मऊ सुती कापडाने मधून काठाकडे सरळ पुसा, गोल गोल नको. बोटांचे डाग काठाशीच जास्त असतात आणि भरगच्च डिस्कवर थरही तिथेच बदलतो. पुसूनही फरक पडला नाही तर लेन्स मळलेली किंवा थकलेली असू शकते.

लग्नाच्या डीव्हीडीबद्दल थोडं. दोन थरांची डिस्क बनवताना थर कुठे बदलायचा ते आम्ही पाहून ठरवतो. ऐन 'शुभमंगल सावधान'ला नवरा-नवरी गोठलेले कोणाला आवडतील? पण खरं सांगायचं तर अशा वेळी एकेका थराच्या दोन डिस्क घ्या. जुने प्लेअर त्या जास्त बिनतक्रार वाचतात.

दुकानात येताना अडणारी डिस्कही सोबत आणा. नुसत्या प्लेअरवरून आम्हाला काही सांगता येत नाही.