तीस शिलिंगांचे साठ कसे झाले

चौदाव्या शतकाच्या मध्यापर्यंत स्कॉटलंडचा पौंड इंग्लंडच्या पौंडाच्या बरोबरीचा होता. १६०३ मध्ये स्कॉटलंडचा राजा सहावा जेम्स इंग्लंडच्याही गादीवर बसला, तेव्हा एका इंग्लिश पौंडाला बारा स्कॉटिश पौंड मोजावे लागत. या घसरणीचा शेवटचा आणि सर्वात वेगवान टप्पा साधारण तीस ग्रॅमच्या एका चांदीच्या नाण्यावर वाचता येतो.

हे नाणे म्हणजे १५६५ चा ‘रायल’, किंमत तीस शिलिंग (वीस शिलिंगांचा एक पौंड). त्या जुलैत स्कॉटलंडची राणी मेरी हिने हेन्री डार्नलीशी लग्न केले आणि संसदेला न विचारता त्याला राजा म्हणून जाहीर केले. पहिल्या रायलवर दोघांचे चेहरे समोरासमोर, आणि नावे ‘हेन्री आणि मेरी’ अशी, म्हणजे नवऱ्याचे आधी. वर्ष सरता सरता ते नाणे मागे घेतले गेले. नव्यावर चेहरे गायब. मुकुट ल्यालेले झाड, त्यावर चढणारे कासव आणि नावे ‘मेरी आणि हेन्री’. कासव म्हणजे डार्नली, असा अर्थ लावणारे आहेत. मला नावांची अदलाबदलच जास्त बोलकी वाटते. १५६७ च्या फेब्रुवारीत डार्नलीचा खून झाला, आणि त्या वर्षी एकट्या मेरीच्या नावाचाही रायल निघाला.

जुलैत मेरीला गादी सोडावी लागली. गादीवर तिचा तेरा महिन्यांचा मुलगा जेम्स आला, तोच पुढे इंग्लंडचाही राजा झालेला. त्याच्या रायलवर उभी तलवार आणि ‘तीस’च्या रोमन आकड्याकडे बोट दाखवणारा हात आहे. तो आकडा फार टिकला नाही. १५७८ मध्ये ही नाणी टांकसाळीत मागवून त्यांवर मुकुटधारी थिसलचा (स्कॉटलंडचे चिन्ह असलेल्या काटेरी फुलाचा) छोटा ठसा मारला आणि किंमत ३६ शिलिंग ९ पेन्स ठरवली. चांदी तीच, नफा राजाच्या तिजोरीत, आणि हात बिचारा अजून तीसच दाखवतोय! तेवढ्याच वजनाचे नाणे १५८२ मध्ये चाळीस शिलिंगांचे झाले, आणि १६०१ पासून तेवढ्या चांदीला साठ शिलिंग धरले जाऊ लागले. इंग्लंडचे पाच शिलिंगांचे ‘क्राउन’ही साधारण याच वजनाचे. साठाला पाच, म्हणजेच एकास बारा.

१७०७ मध्ये दोन्ही राज्ये एक झाली. जुनी स्कॉटिश चांदी एडिनबरोच्या टांकसाळीत वितळवून राणी ॲनची नाणी पाडली गेली. लंडनच्या टांकसाळीचा प्रमुख तेव्हा आयझॅक न्यूटन होता. त्या कामाची घडी बसवून द्यायला गणितज्ञ डेव्हिड ग्रेगरी एडिनबरोला गेला. १७०९ मध्ये तिथली नाणेपाडणी थांबली. विलीनीकरणाच्या कराराने स्कॉटलंडला टांकसाळीची हमी दिली होती, म्हणून तिथली पदे मात्र १८१७ पर्यंत कागदावर राहिली.